बॅटरी कुठली देऊ?

मांजरसुंब्याच्या चौकात आमचं बॅटरीचं दुकान आहे. सलीमभाई मिस्त्री, मी काउंटरवर. पिकअपवाला आला की आम्ही चारच गोष्टी विचारतो. गाडी कुठली, जुनी बॅटरी किती अँपिअरची होती, प्लस कुठल्या बाजूला आणि खालचा ट्रे केवढा. दोन मिनिटांचं काम! पण आजवर एकानंही सरळ उत्तर दिलेलं नाही. माणूस आधी स्टुलावर बसतो, मग म्हणतो, "त्याचं काय झालं..." बावीस वर्षांत किती साठलं असेल, बघा तुम्हीच.

*

चौसाळ्याचा एक गडी पिकअपमधून शेळ्या बाजाराला न्यायचा. त्याच्या गाडीला पासष्ट अँपिअरची लागते. हा भंगारातून ट्रकची भलीमोठी बॅटरी उचलून आला. "बसवून द्या!"

"कावून बे एवढी?" सलीमभाईंनी विचारलं.

"मोठी असली की लई दिवस पुरती."

"अरे, ट्रेमधी बसंना ती. वरची पट्टी लागंना. हालली की खेळ खलास."

सलीमभाईंनी हात लावला नाही. गड्यानं स्वतःच नायलॉनच्या दोरीनं बांधली आणि गेला. घाटात खड्ड्यात गाडी आदळली, दोरी सैल झाली, प्लसचं टोक बॉनेटला चिकटलं. पुढून गाडी पेटली. मागे अकरा शेळ्या दाव्याला बांधलेल्या. त्यानं दावी सोडायला घेतली, सात वाचल्या.

आठवड्यानं परत आला. भुवया जळालेल्या, दोन्ही हातांना पट्ट्या.

"चाचा," म्हणाला, "बसंल तेवढीच द्या."

*

एका गुरुजींनी रिटायर झाल्यावर दुधाच्या धंद्यासाठी पिकअप घेतला. नवीन बॅटरी त्यांनी परगावच्या भाच्याकडून मागवली. आकार तोच, अँपिअर तेच, फक्त प्लस उलट्या बाजूला. गुरुजींनी खुणा बघितल्याच नाहीत. डावीकडची वायर डावीकडे, उजवीकडची उजवीकडे! चावी फिरवली आणि फ्यूज, अल्टरनेटर, गाडीचा कॉम्प्युटर, सगळं एका दमात गेलं. गाडीत भरलेलं दूध दुपारपर्यंत नासलं, ते ओढ्यात ओतावं लागलं.

गुरुजी दुकानात येऊन बसले. "सलीमभाई, चौतीस वर्षं मी पोरांना धन आणि ऋण शिकवलं हो!"

"फळ्यावर धूर निघत न्हाई ना, गुरुजी," सलीमभाई म्हणाले.

गुरुजी मोठ्यानं हसले. मग चष्मा काढून तोंडावर रुमाल धरला, तो बराच वेळ काढलाच नाही.

*

माजलगावकडचा एक ऊसतोडीचा मुकादम. दोन महिन्यांत त्यानं तीन बॅटऱ्या घातल्या, दोन दुसरीकडून, तिसरी आमच्याकडून. तीही चार दिवसांत बसली. भर चौकात गाडी लावून आत आला आणि सलीमभाई "काय झालं" म्हणेपर्यंत त्यांच्या कानफटात ठेवून दिली! मी काउंटरवरून उडी मारली, पण सलीमभाईंनी हातानं मला मागे सारलं.

गाल लाल झालेला. तसेच गाडीपाशी गेले, मीटर लावला, इंजिन चालू करून बघितलं.

"चार्जिंगच येत न्हाई. अल्टरनेटर मेलाय. धा बॅटऱ्या घाला, धाच्या धा उपाशी मरत्याल."

मुकादम मीटरच्या काट्याकडे बघत राहिला. "मग हे आधी सांगायचं न्हाई का?"

"सांगाया तोंड उघडलं," सलीमभाई म्हणाले, "तवाच तर बसली."

*

आता एक किस्सा माझा. सलीमभाई लग्नाला गेले होते. एकजण घाईनं आला, म्हणाला, कापूस भरायचाय, लवकर द्या. मी नंबर जुळवला, बाजू जुळवली, मापही बघितलं. पण बॅटरी बनली कधी, ती तारीख मी वाचली नाही. रॅकच्या मागच्या बाजूला दीड वर्ष पडून राहिलेली, चार्ज न केलेली बॅटरी मी त्याला दिली.

महिन्याभरानं शेतात त्याच्या धाकट्या भावाला साप चावला. पिकअपमध्ये घातलं, जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, इथं इंजेक्शन नाही, ताबडतोब बीडला हलवा. बाहेर येऊन यानं चावी फिरवली. टक् टक् टक्. गाडी उठेचना. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. भाऊ वाटेतच गेला.

तेरावा झाल्यावर तो वॉरंटीचं कार्ड घेऊन आला. मी मान वर न करता म्हणालो, "लगेच बदलून देतो."

"हां," तो म्हणाला. "बॅटरी बदलून मिळती."

नवीन बॅटरी उचलली आणि गेला. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाईकाला तारीख मोठ्यानं वाचून दाखवतो. लोकांना वाटतं, धंद्याची पद्धत आहे.

*

बॅटरीत पाणी कमी झालं की नाही, हे बघायचं म्हणून एका ड्रायव्हरनं झाकण काढलं. आत अंधार, काही दिसेना. म्हणून त्यानं काडी पेटवली! चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो, तो पेट घेतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बॅटरी फुटली, ॲसिड तोंडावर. डावा डोळा गेला.

दोन महिन्यांनी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बंद झाकणाची बॅटरी न्यायला आला. पाणी घालायला लागत नाही, ती. सलीमभाईंनी त्याच्यापुढे बॅटरी ठेवली.

तो म्हणाला, "पाणी बरोबर होतं, चाचा."

*

घाटाखालच्या एका वाडीतला भाजीवाला आमच्या चांगल्या ओळखीचा. त्याच्या छोट्या पिकअपची बॅटरी कधीच मेलेली. आम्ही म्हणायचो, घेऊन टाका आता. तो म्हणायचा, "कशाला? माझा सेल्फ घरीच हाय!" म्हणजे बायको. गाडी उतारावर लावायची, सकाळी बायकोनं मागून लोटायची, वेग आला की यानं गिअर टाकायचा. तो हसायचा, आम्हीही हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी दहाच्या सुमाराला गाडी आली. पुढे ट्रॅक्टर, मागे दोरानं ओढत आणलेला पिकअप, स्टिअरिंगवर त्यांचा भाचा, आणि बाजूच्या सीटवरून उतरली ती कौसाबाई, भाजीवाल्याची बायको. कपाळ मोकळं.

"बॅटरी पायजे," म्हणाली.

सलीमभाईंनी बॉनेट उघडलं. ती मागेच उभी राहिली, गाडीच्या शेपटाकडे, आणि न विचारता सांगू लागली.

"त्या दिवशी पण लोटली. उतार संपायच्या आत गिअर टाकायचे ते. टाकलाच न्हाई. मी वरडले, अहो, गिअर टाका की! गाडी जागेवर थांबली. मग मी पाठ लावली. सपाटीला लई जड जाती. शिव्या दिल्या मी. झोपलाव का, म्हणाले. पार सडकंपस्तोर नेली. मग पुढं जाऊन बघितलं."

सलीमभाईंनी मापाचा टेप खाली ठेवला.

"गाडी विकायची का, ताई?"

"न्हाई. मी शिकणार हाय. भाचा शिकवतो म्हणालाय."

"बॅटरी कुठली देऊ?"

"मला काय कळतंय, भाऊ? नऊ वर्षं मी ही गाडी मागूनच बघितली."

सलीमभाईंनी ट्रे मोजला, जुना नंबर पुसून वाचला. रॅकवरची सगळ्यात ताज्या तारखेची बॅटरी काढली. वायरींची टोकं घासून लख्ख केली, पट्टी आवळली, हलवून बघितली, पुन्हा आवळली. मग दार उघडून धरलं.

"बसा ताई. चावी तुमीच फिरवा."

ती पदर खोचून वर चढली. चावी कुठं, ते सलीमभाईंनी बोटानं दाखवलं. तिनं फिरवली. अर्ध्या फेऱ्यातच इंजिन उठलं. ती दचकली, हात मागे घेतला. सगळी गाडी तिच्याखाली थरथरत होती.

कौसाबाईनं सलीमभाईंकडे बघितलं.

"एवढंच होतं व्हय?"