तुझंच बरोबर हाय

शिरोलीच्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत मी वीस वर्षं सुपरवायझर आहे. दोन कामगार भांडले की माझी एकच रीत. एकाला बाजूला घ्यायचं, चहा पाजायचा आणि म्हणायचं, "तुझंच बरोबर हाय." मग दुसऱ्यालाही चहा पाजून तेच सांगायचं. दोघंही थंड होऊन कामाला लागायचे. माझं बोलणं खरं धरून कोणी बसायचं नाही.

मग मालकांनी दोन एआय एजंट आणले. एक विजेचा वापर सांभाळायचा, दुसरा ऑर्डरी वेळेत काढायचा. त्यांचं जुळलं नाही, की दोघांचं म्हणणं माझ्या स्क्रीनवर यायचं आणि निवाडा मी करायचा. भट्टी सांभाळणाऱ्या, सगळ्या कारखान्याच्या मामांना याचं भारी हसू यायचं. त्यांच्या रिटायरमेंटला एकच वर्ष राहिलं होतं.

त्या दुपारी भट्टीत वितळलेलं लोखंड होतं. एक एजंट म्हणत होता, भट्टीची वीज तोडा. दुसरा म्हणत होता, साचे तयार होईपर्यंत लोखंड भट्टीतच ठेवा. सकाळपासून हीच कटकट. वैतागून मी सवयीने दोघांनाही मंजुरी देऊन टाकली. माणसं असती तर गप बसली असती. यांनी ते खरं मानलं. वीज गेली आणि लोखंड आतच राहिलं.

चूक कळली तशी मी वीज परत मागितली. वीजवाल्याने हरकत घेतली, तोडायची मंजुरी तुम्हीच दिली होती म्हणून. लोखंड आत ठेवायची मंजुरी रद्द करायला गेलो तर ऑर्डरवाल्याने हरकत घेतली. हरकत मिटेपर्यंत काही बदलायचं नाही, हा नियम मीच सुचवला होता.

मामा केबिनमध्ये धावत आले. म्हणाले, "लोखंड खड्ड्यात वतून टाकू. आत गोठलं तर भट्टी गेली."

"पाच मिनिटं थांबा मामा, मिटवतो मी."

ते थांबले. माझ्या शब्दावर थांबले. मी स्क्रीनला शिव्या दिल्या, हातसुद्धा जोडले. लोखंड गोठलं.

संध्याकाळी मालकांनी मामांना विचारलं, ओतलं का नाही? मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, एजंटांचं भांडण लागलं होतं. ते खोटं नव्हतं. मामांना मात्र उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

आठवड्याने गडमुडशिंगीला त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, मामा, थांबवलं मीच, मालकांना सांगणार आहे. फक्त पोरीची फी भरायची आहे, घराचे हप्ते आहेत, एवढा महिना जाऊ द्या. माझं मलाच ऐकवत नव्हतं, तरी मी बोलतच होतो.

मामांनी आत चहा सांगितला. कप स्वतः माझ्या हातात दिला.

"तुझंच बरोबर हाय," ते म्हणाले.