वरच्या मजल्यावरचे काका आणि डॉक्टरांची नळी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संताप मला आजवर कुणीही आणलेला नाही, आणि मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, म्हणजे संताप आणणारी माणसं मला रोज भेटतात. काका मूळचे अकोल्याचे. रेल्वेत इंजिन चालवायचे, बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच जगतपुऱ्यात राहिले. इतकी वर्षं राजस्थानात काढून त्यांच्या वऱ्हाडीत भर पडली ती फक्त एका ‘मतलब’ची. पाणी न पिणं हा त्यांचा धर्म होता. इंजिनात शौचालय नसायचं, म्हणून ड्यूटीआधी पाणी प्यायचंच नाही, ही सवय नोकरी संपल्यावरही त्यांनी सोडली नाही. मे महिन्याच्या उन्हातून आले आणि मी ग्लास पुढे केला की म्हणायचे, “काहून? मले का आग लागली हाय?” आणि माझ्या बाटलीकडे बघून वर, “इतकं पाणी तं डिझेल इंजिनही पेत नाही, पोरी!”

व्हायचं तेच झालं. एके दिवशी कंबरेत कळा सुरू झाल्या. काकांनी त्याला गॅस ठरवून ओवा खाल्ला, हिंग खाल्ला, काकूंवर ओरडून पाहिलं. शेवटी थंडी वाजून ताप भरला, लघवी जवळजवळ थांबली, तेव्हा मी दोघांना गाडीत घातलं. माणूस वेदनेनं दुमडला होता, पण प्रत्येक चौकात मान वर करून “सिग्नल हिरवा!” म्हणून ओरडत होता आणि मी तेच परत म्हणेपर्यंत माझ्याकडे बघत होता. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट एकमेकांना सिग्नल मोठ्यानं सांगतात म्हणे. मी दातओठ खात “हिरवा!” म्हणत दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी समजावलं. मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नलिकेत खडा अडकलाय, लघवी तुंबून मूत्रपिंड फुगलंय, त्यात जंतूंचा संसर्ग. आज खड्याच्या बाजूनं एक बारीक, मऊ नळी सरकवायची, स्टेंट म्हणतात तो, म्हणजे लघवीला वाट मिळेल. संसर्ग गेला की खडा काढायचा आणि नळीही काढायची. “मतलब मेन लाइन बंद, तं लूप लाइननं गाडी काढून राहिले,” काका म्हणाले. डॉक्टर खूश होऊन हो म्हणाले. त्यांनी हो म्हणायला नको होतं. काकांना वाटलं, काम झालं.

ताप उतरताच ते एक्स-रे उन्हात धरून अख्ख्या सोसायटीला नळी दाखवत हिंडू लागले. नळी टोचायची, कंबर ओढायची, आणि तासन्‌तास लघवी रोखून धरणारा हा माणूस जिन्याच्या मधल्या पायरीवरून उलटा घराकडे धावायचा. तरी नळी काढायची तारीख आली की नकार तयार. “गाडी चालून राहिली ना? मंग चालत्या गाडीले हात लावाचा नाही.” कधी लोणचं घालायचं असे, कधी काकूंचा गुडघा दुखे. तारीख उलटली, पुढची घेतली, तीही उलटली. मी जिन्यात उभी राहून भांडले. “काका, नळीवर क्षार चढतात! मूत्रपिंड जाईल तुमचं!”

“काहून डोकं खाऊन राहिली वं माहं? देवानं दुसरं देलं ना!”

दुसरं म्हणे! जसं काही स्टेपनी. मी घरात शिरून दार असं आपटलं की शेजारचे बाहेर आले.

मग काकांना पुन्हा कणकण येऊ लागली, आणि त्यातच हे पुतण्याच्या लग्नाला अकोल्याला निघाले. बॅग हातात, रिक्षा खाली उभी. काकूंचा आवाज मी कधी नीट ऐकलाही नव्हता. त्या दारात आल्या, हात आडवा केला आणि ओरडल्या, “सिग्नल लाल!”

“सिग्नल लाल!” काकांच्या तोंडून सवयीनं उत्तर गेलं. गेलं आणि पाय थांबले. उंबरठ्याकडे बघत राहिले, मग बॅग ठेवून खुर्चीत बसले. “माह्याच तोंडानं लाल म्हनलं ना आता,” ते पुटपुटले. “कसा ओलांडू?” त्याच रिक्षानं आम्ही दवाखान्यात गेलो.

नळीवर खडबडीत थर चढला होता. तो फोडून नळी काढावी लागली, मग खडा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले. म्हणाले, मूत्रपिंड वाचलंय, पण उशीर झाला. आता ते पहिल्यासारखं काम करणार नाही.

मी काकांकडे पाहिलं. आता ते डॉक्टरांवर उखडणार, मला काहीतरी ऐकवणार, काकूंना दोष देणार, याची मी वाट बघत होते. माझं उत्तरही तयार होतं. गेले कित्येक आठवडे ते मी मनात घोळवत होते.

“हो, डॉक्टरसाहेब,” काका म्हणाले.

फक्त तेवढंच. पाठीवर बांधायच्या त्या हिरव्या झग्यात ते फारच लहान दिसत होते. मी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन रडले. परत आत आले आणि मुद्दाम खाटेजवळची खुर्ची दाणकन सरकवली, त्यांनी निदान माझ्यावर तरी ओरडावं म्हणून. पण ते म्हणाले, “बस पोरी. थकली असशील.”