इंचाला एक सूत

मिस्त्री कुठल्याही गोष्टीसमोर उभे राहिले की आधी डावा डोळा मिटायचे. मान जराशी तिरकी, अंगठा हवेत धरलेला, आणि उघड्या डोळ्यानं असं रोखून बघायचं की समोर भिंत असो की नवरदेव, त्यानं अवघडून जावं. मग डोळा उघडायचा, अंगठा खाली यायचा आणि निकाल लागायचा, "दोन सूत मार खातंय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि मार खातंय म्हणजे कमी पडतंय. गवंड्या-सुतारांची ही भाषा आमच्या भागात पोरासोरांनाही कळते. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे जेवायला बसल्यावर आधी ताटाची कड बघतं. पण आमचे मिस्त्री त्या सगळ्यांचे गुरू होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या ओळीतच कळलं असेल.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ते टर्नर होते आणि मी स्टोअरला कारकून. त्यांचे वडील मेंढरं घेऊन आयुष्यभर चारी दिशांना हिंडले, आणि हा मुलगा तीस वर्षं एकाच लेथपुढं उभा राहिला. हात असा की बाहेरून आलेल्या इंजिनिअरनं टोपी काढावी. तोंड असं की त्याच इंजिनिअरनं ती परत घालून निघून जावं.

शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. पाहुण्यांनी फीत कापायला कात्री उचलली आणि मागून आवाज आला, "चौकट मार खातीया." पाहुण्यांना वाटलं कुणीतरी विरोधी गटाचं आहे. 

थोरल्या लेकीसाठी बावड्याचं स्थळ आलं. घर बघायला गेले, पोहे खाल्ले, सगळं पसंत पडलं, आणि उठता उठता व्याह्यांच्या नव्याकोऱ्या देवडीकडं बघून डोळा मिटला. स्थळ तिथंच संपलं. पुढं कळंबचं स्थळ आलं तेव्हा वहिनींनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोनं, आदल्या दिवशी गुपचूप निरोप धाडला, "बैठक झाडाखाली ठेवा. ह्यास्नी घराकडं पाठ करून बसवा." ते लग्न जमलं. मिस्त्री शेवटपर्यंत म्हणत राहिले की पाहुणे माणसं चांगली, पण घरात बोलवत न्हाईत.

माझंही घर त्यांच्या डोळ्यातून सुटलं नव्हतं. वास्तुशांतीला सासरे वडगाव निंबाळकरहून मुद्दाम आलेले. मिस्त्रींनी दारात उभं राहून अंगठा धरला आणि सासऱ्यांच्या देखत दोन सुतांचा निकाल दिला. सासरे खमके, टेप मागवून मोजायला लागले. बरोबर दोन सूतच कमी भरलं. तेव्हापासून सासरे प्रत्येक पाहुण्याला ते दार दाखवायचे. हा राग मी मनात जपून ठेवला होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

गावात केबल नुकती आली होती, त्या वर्षीची गोष्ट. कारखान्यासाठी परदेशातून एक जुनं यंत्र आलं. त्याच्या सुट्या भागांच्या खोक्यात कागदाचे बोळे कोंबलेले. मी आणि मिस्त्री खोकं उघडत होतो. त्यांनी एक बोळा सरळ केला आणि जागेवरच बसले.

कुठल्यातरी मासिकाचं पान होतं. चित्रात एक गाडी. गाडी कसली, नाकतोडाच. लांबलचक नळ्यांचं अंग, पुढं सायकलसारखी बारीक चाकं, मागं उखळासारखी जाड, मधोमध उघडं इंजिन, त्यातून दोन्हीकडं चार-चार पुंगळ्या निघालेल्या. ड्रायव्हरची जागा मागच्या चाकांच्याही मागं. शेजारी हातात हेल्मेट घेऊन एक गोरा उभा.

"भाऊसाहेब, काय ल्हिलंय?"

मी वरच्या दोन ठळक ओळी वाचल्या. ही शर्यतीची जुनी गाडी आहे, सरळ रेषेत पाव मैल पळते, आणि थांबायला मागं छत्री उघडते.

"पाव मैल? आन मग?"

"मग थांबते."

"वळत न्हाय?"

"नाही."

"मानसं, ऊस, काय न्हेत न्हाय?"

"काही नाही."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिला नाही. पानाखाली बारीक अक्षरांत आणखी आठ-दहा ओळी होत्या. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "आन ह्यात?"

बाहेर चहा आला होता. शिवाय ते इंग्रजी माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि मिस्त्रींपुढं ते कबूल करणं जिवावर आलं. मी म्हणालो, "काही नाही हो. जाहिरात आहे."

त्यांनी ती गाडी करायची ठरवली. खेळण्यातली नव्हे, विकतचा एक भागही न घेता, प्रत्येक तुकडा स्वतःच्या हातानं करून, खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याची. "इंचाला एक सूत," असं ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवायचे, जणू सूत हे माप देवानं याच कामासाठी केलं होतं.

पण चित्रात माप कुठलं? मिस्त्रींनी त्या गोऱ्याला धरलं. माणूस म्हणजे किती, तर पाच फूट पाच इंच. म्हणजे स्वतः मिस्त्री. त्यावरून चित्रातलं सगळं मोजून काढलं. मी म्हणालो, "तिकडची माणसं उंच असतात."

"येवढ्याशा जागंत उंच मानूस कशाला बशिवतील? त्यास्नी काय अक्कल न्हाय व्हय?"

आजवर त्यांच्याशी कुणी वाद जिंकला नव्हता.

पुढची तीन वर्षं त्यांनी घराचं वाटोळं केलं. रेडिओच्या एरियलच्या पितळी नळ्या कापून सांगाडा झाला, आणि घरातला रेडिओ मुका झाला. दुधाच्या जुन्या किटलीचं ॲल्युमिनिअम आंब्याच्या लाकडी साच्यावर ठोकून ठोकून गाडीचं नाक निघालं. तेरा नाकं फेकून दिली. चौदावं बघून वहिनींनी विचारलं, "ह्याला काय झालंय?" तर म्हणाले, "सर्दी झाल्यागत दिसतंय." तेही फेकलं. तांब्याच्या पुंगळ्या वाकवताना चेपायच्या, म्हणून त्यांत बारीक वाळू ठासून वाकवल्या. आठही सारख्या. पुढच्या चाकांचे आरे क्लचच्या केबलमधली एकेक तार उसवून, ताणून केले.

खरी मजा मागच्या टायरची. कारखान्याच्या जुन्या पट्ट्याचं रबर लेथवर लावलं की ते हत्याराखाली दबायचं, कापायचंच नाही. महिनाभर मिस्त्री वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या अंगावर खेकसत होते. मग एका दुपारी रसवंतीवाल्याकडून बर्फाची अख्खी लादी पोत्यात घालून सायकलवर आणली. मीठ आणि बर्फात रबर दिवसभर पुरलं, दगडासारखं घट्ट केलं आणि घाईघाईनं लेथवर चढवलं. काळा भुगा उडाला आणि आतून गुळगुळीत टायर निघालं. रसवंतीवाला त्या दिवशी गिऱ्हाइकांना कोमट रस पाजत बसला होता.

गाडीमागच्या छत्रीसाठी रेशीम हवं होतं. ते वहिनींच्या लग्नातल्या चोळीचं निघालं. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "न्हाईतरी आता अंगात बसत न्हवती. पर इचारायचं तरी."

गाडी बघायला लोक यायचे आणि आपल्या बुद्धीप्रमाणं बोलून जायचे. "मिस्त्री, टायर पार घासल्यात, बदला." "डायवर मागं पडलाय का ह्यातनं?" एका संचालकांनी तर गंभीरपणे विचारलं, "ऊस किती बसतो?" मिस्त्री डोळा मिटून त्या संचालकांकडंच बघत राहिले. संचालकांनी आपली टोपी नीट केली.

मग बारामतीला शेतीचं प्रदर्शन भरलं. त्यात हस्तकलेचा एक कोपरा होता. मी आणि मिस्त्री एसटीनं गेलो. गाडी कापसात गुंडाळून पेटीत, पेटी त्यांच्या मांडीवर, आणि ते मासिकाचं पान काचेच्या चौकटीत घालून माझ्या मांडीवर. संयोजकांनी गाडी ठेवली ती एका भल्यामोठ्या भोपळ्याच्या आणि थर्माकोलच्या देवळाच्या मधे. देवळात दिवे लागत होते. पहिलं बक्षीस देवळाला मिळालं, दुसरं भोपळ्याला. भोपळा मिस्त्रींनी केलेला नसल्यामुळं त्यात त्यांना फक्त एक दोष सापडला.

संध्याकाळच्या सुमारास पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ आले. निवृत्त इंजिनिअर, बरीच वर्षं परदेशात काढलेली. गाडी दिसली तसे ते पँटची घडी न सांभाळता खाली उकिडवे बसले आणि अर्धा तास उठले नाहीत. पुंगळ्यांवरून बोट फिरवलं. टायर कसे केले विचारलं, बर्फाची हकिकत ऐकून मोठ्यांदा "वा!" म्हणाले. मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भोवती गर्दी जमली. आमच्या कारखान्याचेही आठ-दहा जण होते.

"माप कशावरून धरलंत?" गृहस्थांनी विचारलं.

"मानसावरनं. पाच फूट पाच. इंचाला एक सूत."

"आणि मागची रिम किती केलीत?"

"चौदा सूत."

गृहस्थ जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "या गाड्यांची मागची रिम सोळा इंची असते हो. हा माणूस सहा फुटांच्या वर असणार."

मला गप्प बसता आलं असतं. पण ते दार, ते सासरे, ती टेप, सगळं एकदम आठवलं. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "म्हणजे मिस्त्री, दोन सूत मार खातंय!"

जो हशा उठला तो थर्माकोलच्या देवळापलीकडं ऐकू गेला असेल. आमचे लोक तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. वीस वर्षांची उधारी होती सगळ्यांची. मिस्त्री गाडीकडं बघत उभे होते. डोळे दोन्ही उघडे.

तेवढ्यात गृहस्थांनी काचेची चौकट उचलली, चष्मा लावला आणि म्हणाले, "अहो, पण इथं खाली छापलंय की सगळं. रिमचं माप, दोन चाकांमधलं अंतर, लांबी. हे कुणी वाचून नाही दाखवलं तुम्हाला?"

हसणारे गप्प झाले, कारण पुढं आणखी काहीतरी मिळणार असं त्यांना वाटलं. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. ज्या माणसानं पाहुण्यांना सोडलं नाही, व्याह्याला सोडलं नाही, भोपळ्यालाही सोडलं नाही, तो माझ्याकडं बघत होता.

"न्हाय," ते म्हणाले. "मीच कुनाला इचारलं न्हाय. मला विंग्रजी येत न्हाय."

परतीच्या एसटीत पेटी पुन्हा त्यांच्या मांडीवर होती. भिगवणचा फाटा येईपर्यंत मी शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "मिस्त्री, चुकलं माझं."

ते खिडकीबाहेर उसाकडं बघत म्हणाले, "टायर मातूर झ्याक झालं."

एवढंच. दुसरी गाडी त्यांनी केली नाही. मी ती बारीक अक्षरं शब्दकोश घेऊन बसून मराठीत उतरवली आणि त्यांना नेऊन दिली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, आभार मानले, आणि लेथ चालू केला. गावातल्या चौकटी, मांडव, मूर्ती, नवरदेव यांचं मोजमाप पूर्वीसारखंच चालू राहिलं. फक्त माझ्या बाबतीत ते बंद झालं. घरी आले की खाली मान घालून बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. मी नवीन माडी चढवली, ती तर चांगली चार सूत कलली होती, माझी मलाच दिसत होती. मी मुद्दाम त्यांना वर नेलं. म्हणालो, "बघा की जरा." ते म्हणाले, "छान हाय, भाऊसाहेब." माझा इतका अपमान आयुष्यात कुणी केला नाही.

सेवानिवृत्तीला वर्ष उरलं असताना ते गेले. लेथ बंद करून हात धुवायला गेले आणि नळापाशीच बसले, ते उठले नाहीत. 

तेराव्यानंतर आठवड्यानं मी कळंबच्या रस्त्यावरच्या मिस्त्रींच्या घरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. चहा दिला आणि फडताळावरून गाडी काढून माझ्यापुढं फरशीवर ठेवली. 

"हात लावू द्यायचं न्हाईत कुनाला," त्या म्हणाल्या. "पुसायचं बी सवता."

मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला आणि एका बोटानं गाडीला मागून ढकललं. गाडी अशी सुटली की आम्ही दोघंही दचकलो. चाकांचा आवाजच नाही. फरशीवरून सरसर जाऊन पलंगाखाली भिंतीशी थांबली. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. अगदी लहान मुलीसारख्या.

"आता गं बया," म्हणत त्या गाडी काढायला पलंगाखाली वाकल्या.

वाकल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत; आतून नाक ओढल्याचं तेवढं ऐकू येत होतं. माझा कप केव्हाच रिकामा झाला होता, तरी मी तो तोंडाला लावून बसून राहिलो.