बुटाखालचा निळा डबा

काल लग्नाच्या मांडवात गिटारवाल्याने बुटाने एक निळा पत्र्याचा डबा दाबला आणि माझा घास तोंडातच राहिला. डबा आमचाच होता. गिटारचा आवाज घोगरा करणारे असले पेडल मी आणि माझी बायको कुसुम शेडमध्ये बनवायचो. पत्रा वाकवणं, रंगवणं माझं. आतल्या तारा जोडायचं सोल्डरिंग तिचं. खोक्यात भरण्याआधी प्रत्येक डब्याला ती कपाळ लावायची.

"देव आहे का तो?" मी म्हणायचो.

"लोक बुटाने तुडवणार त्याला. आधी कुणीतरी पाया पडायला नको?"

मग बाहेरचा स्वस्त माल आला, शेड बंद पडली. गेल्या पावसाळ्यात तीही गेली.

गाणं संपल्यावर मी गिटारवाल्याजवळ गेलो. तो म्हणाला, "जुना आहे काका, खरखरतो. आतलं सगळं उपसून नवीन करून घेतो."

"खरखरतंय तेवढंच काढ. बाकीचं राहू दे," मी म्हणालो.

तो हसला. हो म्हणाला नाही.

तेव्हापासून घरात बसवत नाही. माणूस जाळलं, लुगडी वाटली, की संपलं असं मी समजत होतो. तिचा हात अजून गावोगाव वाजतोय, एकेक करून बंद पडतोय, आणि माझ्याकडे पत्ता एकाही डब्याचा नाही.