टिंबापुढची तीन अक्षरं

पाणीपुरवठा कार्यालयात पहिला संगणक आला, तेव्हा टायपिस्टबाईंची टाइपरायटरवर वीस वर्षं झाली होती. शिकवायला आलेल्या माणसाने बजावलं, "फाइलचं नाव आठ अक्षरांच्या वर जाता कामा नये. मग टिंब, टिंबापुढे तीन अक्षरं. मध्ये जागा सोडायची नाही."

"आठात काय बसणार, डोंबल!" बाई म्हणाल्या.

साहेबांना हसू आवरेना. "बाई, तुमचं व्हायचं आठ हात लाकूड नि नऊ हात ढलपी!"

पण बाईंना लघुलेखन येत होतं, आणि लघुलेखनात स्वर गाळून शब्द पकडायचे असतात. त्यांनी तेच केलं. टाकी रस्त्यावरच्या व्हॉल्व्हची नोंद आली की TKRSVL, वर सालाचे दोन आकडे. झाली आठ अक्षरं!

घोडं अडलं ते टिंबापुढे. शिकवणाऱ्याने साध्या मजकुराला TXT लावायला सांगितलं होतं. बाईंना ते पटेना. सगळ्यांनाच एक शेपूट लावायचं, तर शेपूट हवं कशाला? त्यांनी तिथे नोंद सांगणाऱ्या माणसाची खूण घातली. मुकादमाने सांगितलेली नोंद MKD, प्लंबरने सांगितलेली PLM. साहेबांनी हटकलं, तर म्हणाल्या, "यंत्राची तक्रार नाही, मग तुमची का?" साहेबांनी ते चालू दिलं. कार्यालयात मात्र बाईंचं नाव पडलं आठाक्षरीबाई.

यथावकाश बाई निवृत्त झाल्या, मुकादम लेकीकडे दूर राहायला गेले. फ्लॉपीवरच्या साऱ्या फायली नव्या संगणकावर चढवल्या गेल्या. तो संगणक टिंबापुढची अक्षरं बघूनच फाइल कशात उघडायची ते ठरवायचा. MKD बघून तो दर वेळी विचारी, ही कशाने उघडू? अकराशे फायली, एकीचाही अर्थ लागेना. कचराच असणार म्हणून कुणी हात लावला नाही.

मग एका सकाळी टाकी रस्त्यावरची मोठी वाहिनी फुटली. पाणी धो धो वाहत केशकर्तनालयाच्या पायरीवर चढलं. बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण रस्ता रुंद करताना तो डांबराखाली गाडला गेला होता. दोन खड्डे खणून झाले, हाती चिखल. शेवटी भांडारपाल म्हणाला, "आठाक्षरीबाईंना विचारा. काखेत कळसा नि गावाला वळसा नको."

नवी इंजिनीअर, पंचविशीची मुलगी, जीप घेऊन बाईंच्या दारात आली. बाई नवऱ्याशी रेडिओच्या आवाजावरून हुज्जत घालत होत्या.

"मावशी, तुमच्या फायली उघडत नाहीत हो."

"उघडत नाहीत? अगं, साधा मजकूर आहे तो. चल."

कार्यालयात जाऊन बाईंनी चष्मा लावला आणि यादीवरून बोट फिरवलं. "ही बघ, TKRSVL89. साध्या नोटपॅडमध्ये उघड." फाइल उघडली. आत एकच ओळ: शिंप्याच्या पायरीपासून टाकीकडे अकरा पावलं, रस्त्याच्या मधोमध.

"पण तिथे शिंपी नाही!"

"मोबाइलचं दुकान आहे ना? तेच. माझे सगळे ब्लाउज तिथेच शिवलेत."

दोघी रस्त्यावर आल्या. इंजिनीअरने दुकानाच्या पायरीसमोरून अकरा पावलं मोजली आणि खडूने फुली मारली. मजुराने कुदळ उचललीही.

"थांब रे बाबा!" बाई ओरडल्या. "ही तुझी पावलं झाली, मुली. फाइलच्या नावाच्या शेवटी काय होतं?"

"एमकेडी."

"म्हणजे मुकादमाची पावलं. ताडमाड उंच माणूस. त्यांच्या एका पावलात तुझं दीड बसायचं. पीएलएम असतं, तर प्लंबरची. तो बुटका होता, त्याची चाल तुझ्यासारखीच."

बाईंनी गर्दीवर नजर फिरवली. सगळ्यात उंच होता तो केशकर्तनालयाचा मालक, खांद्यावर टॉवेल, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. बाईंनी त्यालाच मोबाइलच्या दुकानाच्या पायरीसमोरून चालायला लावलं.

"आणखी ताणा. मुकादम जेवायला निघाल्यासारखे चालायचे."

"आजी, पाय फाटतील माझे!"

"दुकान वाचवायचंय ना? चला, सात... आठ..."

अकराव्या पावलाला कुदळ पडली. तीन-चार घावांत डांबर सुटलं आणि खणकन आवाज आला. लोखंडी झाकण! मजुराने आतल्या व्हॉल्व्हला चावी लावून फिरवली. पाण्याचा जोर ओसरला, मग धार झाली, मग नुसते थेंब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनीअरने चिखलाच्या हातांनीच बाईंना मिठी मारली.

"अगं, साडी!" बाई म्हणाल्या, पण बाजूला सरकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आताच्या साहेबांच्या सहीचं पत्र घरी आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी बाईंनी येऊन उरलेल्या फायलींचा उलगडा करावा, जीप न्यायला येईल. नवरा म्हणाला, "जा बाई. आठवड्यातले दोन दिवस तरी रेडिओ माझा."

आता इंजिनीअर फाइल उघडते, बाई माणूस सांगतात. कोण लंगडायचा, कोण झपाझप चालायचा, कोण पावलं मोजताना गप्पा मारून आकडा विसरायचा. अकराशेंपैकी चारशे झाल्यात. बाईंना घाई नाही. इंजिनीअरलाही नाही, काल तर तिने एकच फाइल दोनदा उघडली, गोष्ट पुन्हा ऐकायला.