केतकीच्या खिडक्यांचा निळा रंग

जुन्या सोसायटीत राहिलं की किस्से आपोआप साठतात. ते उचलून टाकायला कुणाला वेळ नसतो. आमची मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, जाणार, म्हणून सगळे नुसते बसून आहेत. मी कमिटीतली एकुलती एक बाई. त्यामुळे हसण्याचा आणि चडफडण्याचा वाटा मला जरा जास्तच मिळतो. हल्ली चडफडण्याचाच.

०००

दुसऱ्या मजल्यावरच्या केतकी परबची ओवी दोन वर्षांची. पोरगी जेवायची नाही, सारखी पोट धरून रडायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. ते म्हणाले, घरात जुना ऑइल पेंट असेल, तो तिच्या पोटात जात असेल. जातच होता. ओवी खिडकीत उभी राहून निळ्या चौकटीचे पोपडे काढून खायची. हे असंच चालू राहिलं तर मेंदूवर परिणाम होईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

केतकीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी तिथेच बसले होते. तिच्या सासूबाई, परबकाकू, मूळच्या मालवणच्या. त्या म्हणाल्या, "आमच्या झिलान पण हीच खिडकी चाटल्यान. तेका काय झाला?"

केतकीने नवऱ्याकडे बघितलं. तो टीव्हीचा रिमोट शोधत होता. रिमोट त्याच्या हातात होता.

०००

मी विषय मीटिंगमध्ये काढला. आमचे सेक्रेटरी दामलेकाका म्हणाले, "अहो, दोन वर्षांत बिल्डिंगच पडणार आहे. आता कशाला रंगाबिंगाच्या मागे लागता?"

"ओवी जन्मली तेव्हाही तुम्ही दोनच वर्षं म्हणाला होता," मी म्हटलं.

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. पण कमिटीने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली: 'लहान मुलांनी खिडक्या चाटू नयेत. हुकमावरून.'

०००

शेवटी केतकीने स्वतःच साकीनाक्याहून रंगातलं शिसं तपासणारा एक मशीनवाला बोलावला. ड्रिलसारखं दिसणारं ते यंत्र त्याने चौकटीला टेकवलं आणि पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला. मग म्हणाला, "ताई, शिसं भरपूर आहे. हे कोरडं खरवडू नका. आणि जाळू तर अजिबात नका. धुरात, राखेत, सगळीकडे उतरतं ते."

दामलेकाका शेजारीच उभे होते. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि विचारलं, "हे मशीन सोन्याचं पण सांगतं ना?"

सांगतं म्हणे. मग काय, थोड्याच वेळात जिन्यात बांगड्या घेऊन रांग लागली. सावंतवहिनींच्या माहेरच्या पाटल्यांत तांबं जास्त निघालं आणि बिल्डिंगमध्ये हाहाकार उडाला. शिशाचं कुणी विचारलंसुद्धा नाही.

०००

गणपतीच्या आधी आमच्याकडे घरोघरी रंगकाम निघतं. मी माझ्या रंगाऱ्याला दहादा बजावलं, "भाऊ, आधी पाणी मारायचं, मगच खरवडायचं." तो हो मॅडम म्हणाला.

बाजारातून आले तर खोलीत धूळच धूळ. हा स्टुलावर उभा राहून दरवाजा कोरडाच खरवडतोय. मी ओरडले. त्याने शांतपणे खाली बोट दाखवलं. "मारलंय की पाणी." लादीवर त्याने सडा घातला होता.

०००

केतकीला काही महिने बोरिवलीला, आईकडे जाऊन राहायचं होतं. परबकाकूंनी आपल्या मुलालाही बरोबर नेऊ दिलं नाही आणि नातीलाही. "खोली सोडलंव तर बिल्डर आमका वळाकतलो काय?"

मग केतकीने आपली एफडी मोडली आणि ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवल्या. जुन्या चौकटी पाणी मारमारून काढल्या, प्लास्टिकमध्ये बांधल्या. "काका, हे लाकूड नीट बाहेर पाठवा हं," असं तिने दामलेकाकांना निक्षून सांगितलं. ते म्हणाले, "बघतो ना मी."

पुढचा रिपोर्ट खूपच बरा आला. ओवी ताटावर बसून भात मागायला लागली. त्या दिवशी केतकी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. "सुटलो गं मावशी." मला एवढा आनंद स्वतःच्या मुलीच्या लग्नातही झाला नव्हता.

०००

नंतर होळी आली. कंपाउंडमध्ये दरवर्षी पेटते, तशी पेटली. परबकाकूंनी ओवीच्या नावाने त्यात नारळ टाकला. चांगला भाजला तसा काठीने बाहेर ओढला, फोडला, आणि राख लागलेला पहिला तुकडा नातीच्या तोंडात घातला.

"खा गो बाय. सगळी पीडा जळान गेली."

ओवीने तो चावून चावून खाल्ला आणि आणखी मागितला. काकूंनी दुसरा दिला. केतकी हसत होती. एवढी मोकळी मी तिला वर्षभरात बघितली नव्हती.

"दामलेकाका, यंदा होळी झकास पेटलीय हं," ती म्हणाली.

"पेटणारच," काका खुशीत म्हणाले. "जुनं सागवान आहे. तेव्हापासून जिन्याखाली जपून ठेवलं होतं. तुमच्याच खिडक्या."