टॅग लावलेली कार्डं

सल्ला देण्याचा पगार मिळतो, यावर आमच्या गावात कुणाचाच विश्वास नव्हता. सल्ला काय, पारावर फुकट मिळतो, तोही न मागता. मी मुंबईच्या एका कॉम्प्युटर सल्लागार कंपनीत नोकरीला होतो, आणि त्या कंपनीकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता ही गोष्ट तर मी गावात कधी फोडलीच नाही. सत्तरच्या दशकात असंच चालायचं. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर भाड्यानं वेळ घ्यायचा, तिसऱ्याच कुणाच्या ऑफिसातले हिशेब त्याच्यावर चढवायचे आणि त्यासाठी महिनोन्‌महिने चौथ्याच गावातल्या लॉजवर पडून राहायचं, असा आमचा धंदा होता.

काम अंग मोडणारं नव्हतं, पण माणूस त्यात शिळा होत जाई. ज्या ऑफिसात जावं तिथं रजेवर गेलेल्या कुणाची तरी खुर्ची आपल्याला मिळते, आणि तो परत आला की उठावं लागतं. आपण खोलीत शिरलो की चाललेलं बोलणं थांबतं, कारण हा आपल्या पोटावर पाय द्यायला आलाय असं प्रत्येकाला वाटत असतं. मुंबईतल्या साहेबांना मात्र वाटतं की हा तिकडे मजेत आहे. दोन्हीकडे खुलासे देऊन देऊन मी वैतागलो होतो. तिशीसुद्धा गाठली नव्हती, तरी संध्याकाळी लॉजच्या पायऱ्या चढताना कठडा धरायचो.

जालन्याचं काम मी मागून घेतलं होतं. एका मोठ्या सहकारी संस्थेची गोदामं गावोगाव पसरलेली होती. कुठल्या गोदामात किती बियाणं आणि किती खत, ते सगळं कार्डांवर चढवायचं होतं. ही कार्डं जाड कागदाची, लांबट. पंचिंग मशीननं त्यांवर बारीक भोकं पाडायची. कुठल्या उभ्या ओळीत कुठं भोक आहे त्यावरून कॉम्प्युटर आकडा ओळखायचा. शाईचा संबंध नाही, भोक हाच मजकूर. दोन पंचिंग मशीनं आणि दोन ऑपरेटर आम्ही जालन्यात आणून बसवले होते. कार्डं तयार झाली की पत्र्याच्या ट्रंका भरून, मनमाडला गाडी बदलून, मुंबईला न्यायची.

मागून घेण्याचं कारण होतं वडिलांचे डोळे. आमचं गाव वाटूरजवळ, जालन्याहून मंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावर. वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. आई वारली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला डावा केव्हाच गेलेला. उजव्यानं ते आधी मथळे वाचत, पुढे तेही दिसेनात. तरी सकाळी वर्तमानपत्र हातात घेऊन बसत आणि मला विचारत की आज विशेष काय. मंठ्याच्या शाळेत हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर भरे, वर्षातून एकदाच. नात्यातलं माणूस सोबत असल्याशिवाय पेशंट घेत नसत. आदल्या वर्षी मी कंपनीच्या कामावर लांब होतो, बहिणीला सासरहून निघता आलं नाही, आणि शिबिर हुकलं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, आणखी एक वर्ष काढलं तर डोळा हाती लागणार नाही. या वर्षी बहीण दिवसांवर होती. म्हणजे मीच जायला हवं होतं, आणि मी वडिलांना तसा शब्द दिला होता.

जालन्याला येऊन तरी घर कुठं घडत होतं म्हणा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत. रविवार मुंबईला पाठवायचे अहवाल लिहिण्यात जाई. मंठ्याची एसटी लॉजसमोरूनच सुटायची, मी खिडकीतून तिच्याकडे बघायचो आणि पुन्हा कागदांत डोकं खुपसायचो. शिबिराची तारीख कळल्यावर मात्र मी कामाची नीट आखणी केली. कार्डं वेळेत संपवायची, आदल्या दिवशी ट्रंका भरून एका ऑपरेटरबरोबर रवाना करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वडिलांना घेऊन मंठा गाठायचं.

कार्डं तयार झाली तशी ती ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये ठेवायला दिली होती. तिथल्या रेकॉर्डकीपरना सगळे काका म्हणत, मीही म्हणे. पंचावन्नच्या पुढचे गृहस्थ, मंठ्याकडच्या एका जुन्या बागायतदार घराण्यातले. निजामाच्या काळातल्या कारकुनांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे त्यांच्या खोलीत एक चिठोरंसुद्धा मोकळं पडलेलं दिसायचं नाही. आल्या कागदाला दाभणानं भोक, भोकात दोरीचा टॅग, टॅगला गाठ, मगच तो कागद फडताळात. माझ्याशी ते कामापुरतंच बोलत.

ट्रंका भरायच्या दिवशी मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. काकांनी फडताळ उघडून दाखवलं, जरा ऐटीतच. सगळी कार्डं गठ्ठ्यागठ्ठ्यांनी लावलेली होती, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या डाव्या कोपऱ्यातून आरपार टॅग ओवून नीट गाठ मारलेली होती.

मी वरचा गठ्ठा हातात घेतला. ज्या कार्डांवर भोक हाच मजकूर, त्या प्रत्येक कार्डावर काकांनी एकेक भोक वाढवून ठेवलं होतं, तेही नेमकं पहिल्याच ओळीत. मशीननं ते वाचलं असतं तर बियाण्याचं खत झालं असतं आणि खताचं आणखी काहीतरी. त्यातून दाभणाची भोकं फाटकी, म्हणजे कार्डं मशीनमध्ये अडकणार ती वेगळीच.

मी विचारलं, हे कशाला केलंत? काका शांतपणे म्हणाले, “सुटे कागद म्हंजे लावारिस, साहेब. एक उडालं तर जबाब कोन देनार? अन् तुमच्या कार्डाला आधीच इतकी भोकं होती. आमचं एक जास्तीचं झालं तर काय बिघडलं, असं वाटलं मला.”

चिडावं म्हटलं तर त्यांनी जे केलं ते आयुष्यभर अगदी बरोबर म्हणून करत आले होते. कार्डाला टोचू नका असं त्यांना सांगावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही सल्लागार मोठमोठे सल्ले देत होतो, त्यात हा बसत नव्हता. खराब कार्ड एका बाजूला लावून पंचिंग मशीनवर त्यावरून नवं कार्ड पाडता येई, पण एकेक करून, आणि पहिली ओळ प्रत्येक वेळी हातानं. दोन ऑपरेटरांच्या जोडीला मी तपासायला बसलो तरच मुंबईची वेळ गाठता आली असती.

मॅनेजरच्या केबिनमधून मुंबईला ट्रंक कॉल लावला. ट्रंक कॉलवर बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे माझा प्रत्येक शब्द अख्ख्या ऑफिसनं ऐकला. साहेबांनी विचारलं, कार्डं खराब केली कुणी? नाव सांगितलं असतं तर साहेबांनी ते कागदावर घेतलं असतं, आणि काकांची निवृत्ती तोंडावर आलेली. मी सांगितलं, उंदीर. मग वडिलांच्या ऑपरेशनचं सांगितलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर जवळजवळ विनवणी केली. साहेबांचं म्हणणं एकच, भाड्यानं घेतलेली मशीनची वेळ गेली तर परत मिळणार नाही, आणि घरच्या अडचणी कुणाला नसतात. फोन ठेवून बाहेर आलो तर टाइपरायटरसुद्धा थांबलेले. नोकरी फेकून निघून जावं असं फार वाटलं. पण घर त्याच नोकरीवर चाललं होतं. मी पंचिंग मशीनजवळ जाऊन बसलो.

थोड्या वेळानं काका आले आणि टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, “माझं गाव मंठ्याच्या बाजूलाच हाय. मी रजा टाकतो. उद्या गुरुजींना घरून घेतो अन् त्यांच्याजवळ बसतो. तुम्ही हे उरकून घ्या.”

मी मान वर केली नाही. काय काय करावं लागतं ते सगळं सांगितलं. पेशंटला हलू द्यायचं नाही, खोकू द्यायचं नाही, चमच्यानं भरवायचं, लघवीचं भांडं द्यायचं आणि टाकून यायचं. ते ऐकत राहिले. आणखी एक गोष्ट सांगणं भाग होतं. काकांच्या गावात वडिलांची एकदा बदली झाली होती. तिथं त्यांना कुणी खोली दिली नाही, म्हणून ते रोज लांबून सायकलनं शाळेत जात. मी तो विषय काढला नाही. एवढंच म्हणालो, “काका, आम्ही बौद्ध आहोत.”

“मला ठाव हाय,” काका म्हणाले. “डोळ्याचं आपरेशन हाय, साहेब. सोयरीक न्हाई करून राह्यलो आपण.”

त्यांच्या बोलण्यात गोडवा नव्हता, पण ते गेले. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूमला कुलूप होतं.

पुढचे दिवस माझ्या लक्षात आहेत ते मशीनच्या खडखडाटानं. जुनं कार्ड, नवं कार्ड, उजेडासमोर धरून दोन्ही पडताळायची, पुढचं कार्ड. दुपारनंतर डोळ्यांना पाणी यायचं, भोकं एकात एक शिरायची. वडिलांच्या डोळ्यांवरून मन काढावं तर कामही डोळ्यांचंच होतं. संध्याकाळी स्टँडवर जाऊन मंठ्याच्या एसटीच्या कंडक्टरला गाठायचो, काका त्याच्याजवळ निरोप देत. आपरेशन झालं. आज पेज घेतली. आज पाठ लई दुखते म्हनून गुरुजींनी जागेवरच पाढे म्हटले. कंडक्टर तिकिटाची पेटी काखोटीला मारता मारता हे सांगायचा आणि निघून जायचा. ऐकून हायसं वाटे, आणि परत येताना उगाचच रडू येई.

पट्टी सुटायच्या आदल्या दिवशी ट्रंका रवाना झाल्या. सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. वाटेत टायर बसलं. मंठ्याला उतरून शाळेपर्यंत मी अक्षरशः धावत गेलो. वर्गांमधली बाकं काढून जमिनीवर गाद्या अंथरल्या होत्या. स्पिरिटचा वास, डोक्यांच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं.

वडील होते त्या वर्गाच्या दारात पोचलो तेव्हा डॉक्टर त्यांच्याशेजारी बसले होते. काका उशाशी उकिडवे, हातात कापूस धरून. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मी चपला काढून आत गेलो आणि त्यांच्याजवळ उभा राहिलो. काका काही बोलणार तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं. पेशंटला काय दिसतं ते पेशंटनंच सांगायचं होतं.

पट्टी सुटली. वडिलांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाणी आलं ते डॉक्टरांनी टिपलं.

“गुरुजी, उशाला किती माणसं आहेत?”

“दोन. धुरकट हायेत, पन दोन हायेत.”

“कोण कोण?”

वडिलांनी काकांच्या बाजूला बोट केलं. “हे माझे धाकटे भाऊ.” काका जमिनीकडे बघत राहिले. नात्याशिवाय आत सोडत नव्हते म्हणून पहिल्याच दिवशी दारावर काकांनी काय सांगितलं होतं, ते मला असं कळलं.

“आणि दुसरे?”

वडिलांनी मान थोडी वळवली आणि माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. “हे पँटवाले हायेत. तुमच्या शिबिराचेच असतील कुणी.”

डॉक्टरांनी विचारलं, मुलगा-बिलगा कुणी नाही का?

“हाय की,” वडील म्हणाले. “जालन्याला मोठ्या कामावर हाय. त्याला सवड न्हाई.” तक्रार म्हणून नव्हे, मानानं सांगत होते.

मी खाली बसलो आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही. गादीच्या कडेला जरा सरकले, माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाले, “बसा, साहेब.”